पत्त्यावरचा शब्द आणि ओसरीवरचा न्याय



तहनाम्यांतील एखाद्या शब्दावरून राज्याराज्यांत वितुष्ट आल्याच्या कथा आपण इतिहासांत वाचतों. आज मी त्याहून पुष्कळच लहान, परंतु घरोघर घडणाऱ्या एका तंट्याविषयीं बोलणार आहें. पट मांडून, सोंगट्या व फांसे घेऊन जे बैठे खेळ हल्लीं खेळले जातात, त्यांतील बहुतेकांत छापील पत्त्यांचा एक गठ्ठा असतो. पत्ता उचलावयाचा आणि त्यावर जें लिहिलें असेल तें निमूटपणें करावयाचें, असा शिरस्ता. पण लिहिलें आहे त्याचा अर्थ काय, यावर एकमत झालें नाहीं कीं फांसे बाजूला राहतात आणि वाद सुरू होतो. अशा वादाचा निकाल कसा लावावा, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तो कोणीं लावावा, हा आजचा विषय आहे.

समजा, श्रावण लागला आहे. गोंदियाजवळच्या मुर्री गांवांत धानाची रोवणी आटोपत आली आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे, आणि एका घराच्या ओसरीवर चार मुलें 'व्यापारा'चा पट मांडून बसलीं आहेत. दोघें घरचीं, एक नागपूरहून आलेला आतेभाऊ, आणि एक बालाघाटकडची मावसबहीण. घरची धाकटी मुलगी पत्ता उचलते. त्यावर लिहिलेलें असतें, 'एक डाव थांबा.' तीनच शब्द; पण त्यांतील दोन शब्द दगा देणारे आहेत. डाव म्हणजे फांसे टाकण्याची एक पाळी, असें ती समजते. आतेभाऊ खट्याळ आहे. तो म्हणतो, डाव म्हणजे सबंध खेळ, तेव्हां आतां उद्यां ये. त्याचें म्हणणें हंसण्यावारीं जातें, पण भाषेच्या दृष्टीनें तें चूक नाहीं. पत्त्यांचा डाव रंगतो, तेव्हां तो सबंध खेळच असतो. 'आतां तुझा डाव' म्हणतों, तेव्हां ती एक पाळी असते. मल्लाचा डाव म्हणजे युक्ति. आणि भात वाढावयाचा डाव स्वयंपाकघरांत निराळाच. सुदैवानें या शेवटच्या अर्थावरून अद्याप कोणाचें भांडण झालेलें नाहीं.

खरा पेंच दुसऱ्याच शब्दांत आहे. धाकटी थांबली असतां मावसबहिणीची सोंगटी नेमकी धाकटीच्या मुंबईवर येऊन पडते. धाकटी भाडें मागते. मावसबहीण म्हणते, "तूं तर थांबली आहेस, तुझें भाडेंहि थांबलें." आतां 'थांबा' म्हणजे फांसे टाकण्याचें थांबा, कीं खेळांतील सगळा व्यवहारच थांबवा? मुंबईचें भाडें थोडें नसतें. तें मिळालें तर धाकटी तरते; बुडालें तर पुढच्या दोन फेऱ्यांत तिचें दिवाळें वाजतें. ज्यांना हा वाद क्षुल्लक वाटतो, त्यांनीं त्या वेळीं तिचें तोंड पाहावें.

हा घोटाळा मराठीपुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ बाजारांत आला. या खेळांतील प्रत्येक पान स्वतःची निराळी आज्ञा घेऊन येतें, आणि आज अशीं निरनिराळीं पानें वीस हजारांहून अधिक झालीं आहेत. खेळ अजून हातानें केलेल्या कागदी पानांवर चालत होता, तेव्हां गारफील्ड यांचे स्नेही तो खेळून पाहत. त्यांपैकीं एक गडी एकदां मोठ्या आनंदांत सांगूं लागला कीं, हटकून जिंकून देणारें पान आपल्या हातीं लागलें आहे. पानावर इंग्रजींत एवढेंच होतें कीं, प्रतिपक्षी पुढला 'टर्न' 'लूज' करतो. लिहिणाराच्या मनांत होतें कीं, प्रतिपक्ष्याची एक पाळी बुडावी. वाचणारानें घेतलें कीं, पुढल्या पाळीस प्रतिपक्षी हरतो. दोन्ही अर्थ त्या चार शब्दांत बसत होते. कोणाहि दोघांना भिन्न अर्थ लावतां येणार नाहीं असें वाक्य लिहिणें किती अवघड आहे, याचा तो आपल्याला मिळालेला पहिला धडा, असें गारफील्ड यांनीं पुढें सांगितलें आहे. गंमत अशी कीं, 'प्रतिपक्षी पुढचा डाव गमावतो' असें मराठींत लिहिलें, तरी घोटाळा जसाच्या तसा उतरतो!

त्या पानावरील आजचा मजकूर पाहण्यासारखा आहे. या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्या, एवढाच त्याचा आशय. तेथें कोणी कांहीं गमावीत नाहीं. प्रतिपक्षी त्या वाक्यांत उरलेलाच नाहीं. वाक्य संदिग्ध झालें कीं आपण त्याला स्पष्टीकरणाचें शेंपूट लावूं पाहतों, आणि शेंपटांतून दोन नव्या शंका निघतात. येथें शेंपूट न लावतां वाक्याचा कर्ताच बदलला. चांगला कायदा लिहिणारे हेंच करीत असावेत.

आपल्या जुन्या खेळांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता, याचें कारण साधें आहे. त्या पानांवर शब्दच नव्हते. सावंतवाडीच्या राजघराण्यानें जपलेला दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान, आणि एकापासून दहापर्यंत पानें, मिळून १२० वाटोळीं पानें. अर्ध्या अवतारांत दहा वडील, तर अर्ध्यांत एक वडील. हें सारें डोक्यांत ठेवावयाचें. पानावर चित्राखेरीज कांहीं नाहीं. दिवसां ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें उतारी करावी, आणि रात्रीं ज्याच्या हातीं कृष्णाचा असेल त्यानें. मग कातरवेळीं वाद व्हावयाचाच. पण तो शब्दाचा वाद नव्हे. सूर्य मावळला कीं नाहीं, हें उंबऱ्याबाहेर जाऊन पाहतां येतें. 'थांबा' या शब्दाचा अर्थ अंगणांत जाऊन पाहतां येत नाहीं.

मेंढीकोट, पांच-तीन-दोन, झब्बू हे खेळहि असेच तोंडी चालत आलेले. घरोघर त्यांचे नियम थोडे निराळे. आणि पानें वांटण्यापूर्वीं "आमच्याकडे असें खेळतात" हें वाक्य उच्चारलें कीं निम्मे तंटे जागींच मिटतात. मैदानी खेळांचेंहि पूर्वीं तसेंच होतें. हुतूतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार ठिकठिकाणीं चालत. मग पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत १९१४ सालीं खोखोचे नियम आखले गेले, आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं हुतूतूचे नियम छापून काढले. तोंडची रीत कागदावर आली, गांवोगांवचे संघ एकमेकांशीं खेळूं शकले. आणि त्याच दिवशीं शब्दावरून भांडण्याची सोयहि झाली. ती किंमत देऊन जें मिळालें तें मोलाचेंच आहे, असें माझें मत आहे.

आतां पटाच्या खेळाकडे वळूं. आपल्या 'व्यापारा'चा वडीलभाऊ म्हणजे अमेरिकेंतील 'मोनॉपोली'. एलिझाबेथ मॅगी या बाईंनीं १९०४ सालीं जमीनदारीच्या एका खेळाचें पेटंट घेतलें; त्यांतूनच वाढलेला 'मोनॉपोली' १९३५ सालीं पार्कर ब्रदर्स यांनीं बाजारांत आणला. त्याच्या एका पत्त्यावर आज्ञा असते कीं, सोंगटी जवळच्या रेल्वेपर्यंत न्यावी. मूळ इंग्रजी क्रियापदांत 'पुढें सरका' हा अर्थ अंतर्भूत आहे. ओसरीवर त्याचें तोंडी भाषांतर होतें, तें 'जवळच्या स्टेशनावर जा' असें. सोंगटी स्टेशनाच्या एकच घर पुढें गेलेली असेल, तर जवळचें स्टेशन मागचें कीं नाहीं? गोंदिया हें जंक्शन. मुर्रीच्या मुलाला मागें वळूनहि स्टेशन गांठतां येतें हें चांगलें ठाऊक असतें. तो मागें जाऊं पाहतो, आणि इंग्रजी वाचणारा दादा म्हणतो, "तसें लिहिलेलेंच नाहीं."

या ठिकाणीं मुर्रीसारख्या सीमेवरच्या गांवाची एक विशेष अडचण लक्षांत घ्यावी. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांना टेकून आहे. एका ओसरीवर मराठी, हिंदी आणि पोवारी सुखानें नांदतात, आणि पत्ता असतो इंग्रजींत. म्हणजे चौघांपैकीं ज्याला इंग्रजी बरें येतें, तोच पत्ता वाचणार, तोच अर्थ सांगणार, आणि तोच त्या खेळांत जिंकूं पाहणार. वादी, दुभाषी आणि न्यायाधीश एकाच सतरंजीवर, एकाच देहांत! दादा लबाड आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो प्रामाणिक असला तरी त्याच्या लाभाचा अर्थ त्याला आधीं सुचतो, आणि आधीं सुचलेला अर्थच खरा वाटतो. हा मनुष्यस्वभाव आहे.

मग निकाल लावावा कसा? याचें उत्तर शोधण्यासाठीं परदेशांत जाण्याची गरज नाहीं. वाक्याचा अर्थ कसा लावावा यावर आपल्याकडे एक सबंध शास्त्र उभें राहिलें, तें म्हणजे पूर्वमीमांसा. जैमिनीचीं सूत्रें, त्यांवर शबराचें भाष्य, आणि त्यावर शतकानुशतकें चाललेली चर्चा. महाराष्ट्रांत ही विद्या अगदीं अलीकडेपर्यंत नांदती होती. वाईच्या केवलानंद सरस्वतींनीं सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला, आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या शेवटच्या खंडांत या शास्त्राच्या अर्थनियमांची सविस्तर चर्चा केली. या शास्त्राचा विषय यज्ञ असला, तरी त्याचा प्रश्न आपल्या ओसरीवरचाच आहे. आज्ञा समोर आहे, आज्ञा देणारा विचारावयास हजर नाहीं, आणि काम तर आत्तां करावयाचें आहे; अशा वेळीं काय करावें?

मीमांसकांचें एक आवडतें उदाहरण पाहा. सोमयागांत ग्रह नांवाचीं पात्रें असतात. तीं पुसून घेण्याची आज्ञा आहे, पण आज्ञेंत 'ग्रह' हा शब्द एकवचनी आहे. मग एकच पात्र पुसावें कीं सगळीं? निर्णय असा कीं, सगळीं. कारण पात्रें आधींपासून तेथें आहेतच. आज्ञा पात्राची नव्हे, पुसण्याची आहे. जें आधींच सिद्ध आहे, ज्याला उद्देशून आज्ञा केली, त्याच्या एकवचनाला महत्त्व नाहीं. उलट, यज्ञांत पशु द्यावा अशी आज्ञा असेल, तर तेथें पशूचेंच विधान आहे. म्हणून तेथील एकवचन खरें, आणि पशु एकच. पहिल्याला उद्देश्य म्हणतात, दुसऱ्याला विधेय.

आतां हें आपल्या पत्त्याला लावून पाहूं. 'एक पान उचला' यांत पान हें विधेय, म्हणून एकच. घरीं केलेल्या एखाद्या पत्त्यावर 'घराच्या दुरुस्तीबद्दल २५ रुपये भरा' असें असेल, आणि खेळाडूचीं पटावर नऊ घरें असतील, तर? घरें आधींच उभीं आहेत; आज्ञा दुरुस्तीची आहे. म्हणजे पात्रांच्या न्यायानें दुरुस्ती नवांचीहि. पण कोणी चतुर मूल विचारील कीं, दुरुस्ती नवांची खरी, मात्र २५ रुपये दर घरामागें कीं सगळ्यांचे मिळून? रक्कम तर विधेय आहे ना? हा प्रश्न खोटा नाहीं, आणि पात्रांचा न्याय येथें अर्ध्या वाटेवर सोडून जातो. मग खेळाच्या इतर भागाकडे पाहावें लागतें. एकाच्या जागीं दोन घरें झालीं कीं भाडें वाढतें. जेथें उत्पन्न घरांच्या संख्येबरोबर वाढतें, तेथें खर्चहि तसाच वाढावा हें सुसंगत आहे. मूळ 'मोनॉपोली'च्या पत्त्यावर तर 'दर घरामागें' असें स्पष्टच छापलेलें असतें. तेव्हां २२५ रुपये भरावयाचे. शास्त्राचा नियम हा किल्लीसारखा घुसवून फिरवला कीं झालें, असें समजणाऱ्या लोकांशीं माझें पटत नाहीं. नियम दिशा दाखवितो, चालावें आपल्यालाच लागतें.

मीमांसकांनीं अर्थ ठरविण्याचीं सहा साधनें सांगितलीं आणि त्यांची उतरंड लावून दिली. श्रुति म्हणजे शब्दानें उघड सांगितलेलें. लिंग म्हणजे शब्दाचें सूचक सामर्थ्य. मग वाक्य, म्हणजे शब्दांचा परस्परसंबंध. प्रकरण म्हणजे मागचापुढचा संदर्भ. स्थान म्हणजे मजकूर कोठें आला आहे तें. आणि शेवटीं समाख्या, म्हणजे नुसतें नांव. दोहोंत विरोध आला तर आधींचें बलवत्तर. एक ऋचा इंद्राचें नांव घेते, पण तिनें गार्हपत्य अग्नीची उपासना करावी अशी उघड आज्ञा आहे. तेथें इंद्राचें नांव मागें पडतें आणि उपासना अग्नीचीच होते.

स्टेशनाचा तंटा या उतरंडीनें सुटतो. 'जवळच्या' या शब्दांत पुढें कीं मागें हें उघड सांगितलेलें नाहीं, म्हणून प्रकरणाकडे जावें. त्या खेळांत सोंगटी पुढेंच चालते. आणि जेथें तिनें मागें यावें असें रचनाकाराला वाटलें, तेथें 'तीन घरें मागें या' असा स्वतंत्र पत्ता त्यानें घातला आहे. ज्याला 'मागें' हा शब्द लिहितां येत होता, त्यानें येथें तो लिहिला नाहीं; म्हणून पुढचें स्टेशन. धाकटीच्या भाड्याचेंहि तसेंच. 'थांबा' ही आज्ञा तिला आहे, आणि ती तिच्या चालण्याला आहे. भाडें हें तिच्या चालण्यानें नव्हे, तर दुसऱ्याच्या येण्यानें निघतें. मूळ खेळांत तर तुरुंगांत पडलेल्या खेळाडूलासुद्धां आपलें भाडें घेतां येतें. मग नुसत्या थांबलेल्या मुलीचें भाडें बुडविणें कोणत्या न्यायानें? मुंबईचें भाडें तिला मिळालें पाहिजे.

समाख्या सर्वांत दुबळी, हें मुलांना मुद्दाम सांगावें. पत्त्याचें नांव 'लॉटरी' आहे, म्हणून त्यांतून पैसे मिळालेच पाहिजेत, असा युक्तिवाद मीं ऐकलेला आहे. नांव हें हांक मारण्यापुरतें. तसेंच पत्त्यावरचें चित्र आणि शोभेचा मजकूर. मीमांसक अशा मजकुराला अर्थवाद म्हणत. आज्ञेची गोडी लावणें हें त्याचें काम, स्वतंत्र आज्ञा देणें हें नव्हे. आणि काय आश्चर्य! 'मॅजिक' खेळाच्या दोनशेंहून अधिक पानांच्या नियमग्रंथांतहि हीच व्यवस्था आहे. पानावरचा तिरप्या अक्षरांतील मजकूर खेळाला बांधक नाहीं. सामान्य नियम व पान यांत विरोध आला तर पान खरें. आणि एक मजकूर 'करतां येतें' म्हणतो व दुसरा 'करतां येत नाहीं' म्हणतो, तर निषेध वरचढ. त्यांनीं जैमिनि वाचला असेल असें मला वाटत नाहीं. अडचण तीच असली कीं तोडगाहि तोच सुचतो.

ब्रिज खेळणाऱ्या श्रोत्यांना यांत नवल वाटणार नाहीं. त्या खेळांत ज्यानें बोली जिंकली, तो समोर उघड्या मांडलेल्या हातांतलें पान नांव घेऊन मागतो. त्यानें नुसतें 'बदाम' म्हटलें आणि कोणतें तें सांगितलें नाहीं, तर? ब्रिजच्या कायद्यांतील शेहेचाळिसावें कलम सांगतें कीं, त्यानें सर्वांत लहान बदाम मागितला असें समजावें. त्याचा हेतु निराळा होता हें निर्विवाद असेल, तर गोष्ट वेगळी. आणि 'कोणतेंहि टाका' म्हटलें, तर प्रतिपक्षानें पान सांगावें! म्हणजे मोघम बोलण्याची किंमत बोलणारानेंच मोजावयाची. करारांच्या कायद्यांतहि असेंच एक तत्त्व आहे कीं, ज्यानें मजकूर रचला, संदिग्धतेचा तोटा त्याच्या पदरीं पडावा. विम्याच्या खटल्यांत त्याचा आधार वरचेवर घेतला जातो.

येथवर कोणी म्हणेल कीं, मुलांच्या खेळासाठीं एवढा थाट कशाला? त्यासाठीं मी एक खरें उदाहरण सांगतों, ज्यांत पणाला कागदी नोटा नव्हत्या. पतीच्या संमतीवांचून स्त्रीनें पुत्र दत्तक देऊं वा घेऊं नये, अशा आशयाचा निर्बंध वसिष्ठाच्या धर्मसूत्रांत आहे. पति हयात असेतों प्रश्न नाहीं. पण विधवेनें काय करावें? वाक्य एकच, आणि हिंदुस्थानांत त्याचे चार अर्थ झाले. मिथिलेचे पंडित म्हणाले, संमति दत्तकाच्या क्षणींच हवी. म्हणून विधवेला दत्तक घेतांच येत नाहीं. बंगालनें व काशीनें म्हटलें, पतीनें मरणापूर्वीं अनुज्ञा दिली असेल तर चालेल. द्रविडांनीं सपिंडांची, म्हणजे पतीच्या भाऊबंदांची संमति पुरेशी मानली. आणि महाराष्ट्रांत असा अर्थ लागला कीं, हें वाक्य पति हयात असतांनाच्या दत्तकापुरतेंच आहे. त्याच्या पश्चात् विधवेला अनुज्ञेची अट नाहीं. नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हा या मताचा एक मोठा आधार. भट्ट घराणें काशीला स्थायिक झालेलें, पण मूळचें पैठणचें. १८६८ सालीं रामनाडच्या जमीनदारीच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलपुढें हे भेद मांडले गेले, आणि ज्या प्रांतांत जो अर्थ रूढ आहे तो तेथें चालावा, असें धोरण राहिलें.

त्या काळीं एखादें कुटुंब स्थलांतर करून आलें, तर तें आपल्या मूळ प्रांताचें शास्त्र सोबत आणतें, असें न्यायालयें धरून चालत. म्हणजे भंडारा-बालाघाटच्या बाजूला, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन विधवांना त्याच एका वाक्याचे दोन भिन्न अर्थ लागूं शकत होते. एकीला वंश व वतन राखतां येई. दुसरीला मृत पतीनें तोंडानें कांहीं म्हटलें होतें कीं नव्हतें, याचे साक्षीदार शोधीत फिरावें लागे. आणि साक्षीदार बहुधा तेच भाऊबंद, ज्यांना दत्तक नको होता. १९५६ च्या कायद्यानें हा प्रश्न सर्वांसाठीं एकच करून टाकला. मुर्रीच्या ओसरीवर दादा पत्ता वाचतो, तेव्हां मला हे भाऊबंद आठवतात. त्यांच्यापुढें शास्त्र नव्हतें असें नाहीं. शास्त्र होतें, पण तें वाचून दाखविणाराचा हात वतनावर होता.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, अर्थ कोणता बरोबर, या प्रश्नाआधीं अर्थ सांगणारा कोण, हा प्रश्न सोडवावा. पत्ता ज्याच्या फायद्याचा वा तोट्याचा, त्यानें त्याचा निकाल देऊं नये. घरांत आजी असेल, काकू असेल, पलीकडे पेपर वाचीत बसलेले आजोबा असतील. त्यांना खेळ येत नसला तर उत्तमच. त्यांना पत्ता वाचून दाखवावा, आणि कोणाची सोंगटी कोठें आहे हें मात्र सांगूं नये. लाभ कोणाचा हें ठाऊक नसलेला मनुष्य वाक्याकडे वाक्य म्हणून पाहतो. मताधिक्यानें निकाल लावण्याची रीत मला मुळींच मान्य नाहीं. तिघांचें देणें एकीच्या भाड्यावर अवलंबून असतां मतें कशीं पडतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. 'मॅजिक'च्या मोठ्या सामन्यांतहि खेळाडू मत देत नाहींत. पंच असतात, आणि मुख्य पंचाचा शब्द अखेरचा असतो.

तिऱ्हाईत मिळालाच नाहीं, आणि दोन्ही अर्थ खरोखरच समतोल दिसले, तर नाणें उडवावें. यांत कमीपणा नाहीं. चुकीच्या निकालापेक्षां न संपणारा वाद खेळाचा अधिक घात करतो. मात्र नाण्यानें लागलेला निकाल त्या दिवसापुरता. पुढच्या खेपेस शांतपणें विचार करून कायमचा ठरवावा. चालू खेळांत तो कोणीं फिरवूं नये, मग फिरविण्याचीं कारणें कितीहि सबळ असोत. ज्यानें पहिल्या अर्थावर विसंबून घरें बांधलीं, त्याच्या पायाखालचा पट मध्येंच ओढणें हा न्याय नव्हे.

रूढीचें एक राहिलें. 'मोनॉपोली'च्या नियमांत असें आहे कीं, एखाद्यानें आपण आलों ती मोकळी जागा विकत घेण्याचें नाकारलें, तर पेढीनें लगेच तिचा लिलाव पुकारावा. हा लिलाव करणारीं घरें विरळा. येथें मजकूर स्वच्छ आहे आणि घरची चाल त्याच्या उलट आहे. चाल टाकून द्यावी असें मी म्हणणार नाहीं; पण पहिला फांसा पडण्यापूर्वीं ती सर्वांना सांगितलेली असावी. नागपूरहून आलेल्या पाहुण्याला ती तिसऱ्या फेरींत, तो हरत असतांना कळली, तर ती चाल नव्हे, सांपळा झाला.

आणि हे निकाल लिहून ठेवावे. खेळाच्या खोक्यांत एक लहानशी वही असावी. पत्त्याचा मजकूर, शंका, निकाल आणि तारीख, एवढें पुरे. लिहिण्याचें काम सर्वांत धाकट्या, पण लिहितां येणाऱ्या मुलाकडे द्यावें. तें मूल त्याला कळणाऱ्या भाषेंत लिहील, आणि त्याला न कळलेला निकाल वहींत उतरणारच नाहीं. दादाला तो पुन्हां समजावून सांगावा लागेल. मराठींत लिहावें, हिंदींत लिहावें, पोवारींत लिहिलें तरी चालेल. पुढल्या पावसाळ्यांत खोकें उघडलें जाईल तेव्हां ती वही पटाच्या आधीं बाहेर काढून एकदां मोठ्यानें वाचावी, आणि 'डाव' हा शब्द जेथें जेथें आला असेल तेथें तो खोडून 'पाळी' असें करावें.